भुईमुगाचा दाणा आणि गोमांस

खाद्यतेल व गोमांस यांची तुलना पुष्कळांकडून होते. परंतु तेलांत प्रथिन मुळींच नसतें. म्हणून मांसाशीं तुलना करावयाची ती सबंध दाण्याची करावी, असें आम्हांस वाटतें.

भुईमुगाचेंच उदाहरण घेऊं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिन व जवळजवळ निम्मा स्नेह असतो. हा स्नेह बहुतांशीं असंपृक्त असतो. गोमांसाच्या चरबींत संपृक्त भाग पुष्कळ असून त्यायोगें रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें. मात्र मांसांतील ब-१२ जीवनसत्त्व दाण्यांत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

पर्यावरणाच्या दृष्टीनें अंतर याहून मोठें आहे. गुरें रवंथ करितात व ढेंकरांवाटे मिथेन वायु सोडतात. इ. स. २०१८ मध्यें पूर व नेमेसेक या संशोधकांनीं जगभरच्या शेतांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत १०० ग्रॅम प्रथिनामागें, मांसाकरितांच पाळलेल्या गुरांपासून सरासरी सुमारें ५० किलो कर्बवायूच्या तोडीचे उष्णतावर्धक वायु निघतात व शेंगदाण्यापासून सुमारें सव्वा किलो, असें आढळलें. शिवाय भुईमुगाच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र सांठतो.

परंतु दाण्याचें हें श्रेष्ठत्व आपल्या खळ्यावर अवलंबून आहे. शेंग ओली राहिल्यास बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हें यकृतास घातक विष उत्पन्न होतें. पेंडीवाटे तें दुभत्या गुरांच्या दुधांतही उतरतें. याकरितां हलविली असतां दाणा खुळखुळेपर्यंत शेंग वाळवावी; बुरसलेला दाणा घाण्यासही देऊं नये आणि गुरांसही घालूं नये.