तुराटीच्या सोंगट्या, फळीचा पट

वाशिम जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत तूर निघाली की धुऱ्यावर तुराट्यांचा ढीग पडतो. बहुतेक चुलीत जातो. त्यातल्या अंगठ्याएवढ्या जाड, सरळ तुराट्या आधी मुलांसाठी काढून ठेवा. नवकंकरीचा खेळ घरीच होतो.

फळी ३० सें.मी. चौरस, जुन्या खोक्याचीही चालेल. पॉलिश पेपरने घासायचे काम मुलांचे. एकात एक तीन चौकोन आखा: बाजू २४, १६ आणि ८ सें.मी. मग चारही बाजूंचे मध्य बाहेरून आत जोडा. कोपरे आणि मध्य मिळून २४ घरे होतात. सहावी-सातवीच्या मुलांना ही मापे स्वतः काढू द्या, भूमितीचा तास असा रंगत नाही.

तुराटी कोयत्याने तोडली तर चिरते. बारीक दातांच्या आरीने सेंटिमीटरभर उंचीचे १८ तुकडे मोठ्यांनी कापून द्यावेत. नऊ सालीसकट, नऊ साल खरवडून पांढरे. रंग लागतच नाही.

आळीपाळीने सोंगट्या मांडायच्या, मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायच्या. तीन ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरल्या किंवा ज्याला हलायला जागा नाही, तो हरला.

स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली पूर्ण करवून घेतलेल्या ग्रंथात हा खेळ आहे. दोघेही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे १९९३ मध्ये संगणकाने सिद्ध झाले. मुलांचे डाव मात्र बहुधा निकालीच निघतात.