पागोळी, खिडकी आणि वीस वर्षे

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत शेजाऱ्यांचे वाद बहुधा ठरावीक गोष्टींवरून होतात: पागोळीचे पाणी, शेजारच्या अंगाला उघडणारी खिडकी, सामायिक भिंत किंवा मागच्या दारी जाणारा बोळ. कवेलूची घरे पाडून तिथे मजले चढू लागले की वर्षानुवर्षे चालवून घेतलेल्या या गोष्टी दिवाणी न्यायालयात पोहोचतात.

तिथे आधार असतो तो १८८२ च्या सुविधाधिकार (ईझमेंट) अधिनियमाचा. हा कायदा १ जुलै १८८२ पासून मद्रास इलाखा, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच मुलखात लागू झाला. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये आला; म्हणजे पुण्याच्या वाड्यांच्या नऊ वर्षे आधी तो ब्राह्मणपाऱ्याला लागू होता. १९५६ पर्यंत इथली अपिले नागपूरला जात, मग जबलपूरला आणि २००० पासून बिलासपूरला.

कलम १५ नुसार शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता २० वर्षे वहिवाट केली, तर वाटेचा, पाण्याचा किंवा उजेडाचा हक्क पक्का होतो. याला प्रतिवादीचे ठरलेले उत्तर असते: ती परवानगी होती, शेजारधर्म म्हणून जाऊ दिले. परवानगी सिद्ध झाली की वीस काय, पन्नास वर्षेही फुकट, कारण परवानगीने केलेली वहिवाट हक्काची धरली जात नाही.

पुष्कळ वादी मात्र आपल्याच युक्तिवादात अडकतात. बोळ आमच्या मालकीचा, असे दाव्यात लिहायचे आणि तो नसेल तर निदान वहिवाट आमची, असे खाली जोडायचे, हा वकिलांचा आवडता मार्ग. पण सुविधाधिकार दुसऱ्याच्या जमिनीवरच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्ट केले, की जमीन आपली नाही ही जाणीव ठेवून केलेला वापरच या हक्कासाठी मोजला जातो. वीस वर्षे मालक समजून वावरलेल्या माणसाला ती जाणीव कशी दाखवता येणार? मालकीच हवी असेल तर १२ वर्षांच्या प्रतिकूल कब्ज्याचा वेगळा मार्ग आहे, पण त्यासाठी ताबा पूर्ण आणि मूळ मालकाला आव्हान देणारा लागतो. बोळातून नुसते येणे-जाणे त्याला पुरत नाही.

खिडकीच्या वादात शेजाऱ्याची बाजू बरीच भक्कम असते. उजेड कमी झाला एवढ्याने नुकसानभरपाई मिळत नाही. कलम ३३ प्रमाणे घरातल्या माणसांच्या स्वास्थ्यात मोठा व्यत्यय यावा लागतो, घराची किंमत बरीच घसरावी लागते किंवा नेहमीचा धंदा पूर्वीसारखा चालेनासा व्हावा लागतो. दिवसाही दिवा लावावा लागतो, हा पुरावा म्हणूनच महत्त्वाचा.

नवी खिडकी समोरच्या अंगणात डोकावत असेल, तर तक्रार उलट्या दिशेने येते. एकांताचा हक्क सर्वत्र नाही. तिथे स्थानिक रूढी सिद्ध करावी लागते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये वायव्य प्रांतासाठी बायकांच्या वावराच्या जागेबाबत अशी रूढी मान्य केली होती. पडदा मागे पडलेल्या आजच्या मोहल्ल्यात ती सिद्ध करणे अवघडच.

भावांच्या वाटणीतून उठलेल्या तंट्यांना कलम १३ लागते. एकाच्या वाट्याला पुढचा भाग आणि दुसऱ्याला मागचा आला, आणि मागच्याला दुसरा रस्ताच नसेल, तर गरजेपोटी वाट मिळते. तिथे वीस वर्षे मोजत नाहीत. मात्र पुढे मागच्या बाजूने रस्ता झाला की कलम ४१ नुसार हा हक्क संपतो. वाटणीपत्रात वाटेचे एक वाक्य लिहिले असते तर असे बरेच दावे झालेच नसते.

‘नकाशा नगर निगमने मंजूर केला आहे’ हा युक्तिवाद ऐकायला जोरदार, पण अपुरा. निगम बांधकामाचे नियम तपासते. शेजाऱ्याचा खासगी हक्क त्या मंजुरीने बुडत नाही. म्हणून न्यायालय विक्रीखतातली चतुःसीमा, नजूलचा नकाशा आणि कोर्ट कमिशनरची जागेवरची मोजणी पाहते.

मुदतीत मात्र हयगय नको. कलम १५ मधली २० वर्षे दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली लागतात. वाट बंद होऊन किंवा भिंत उभी राहून दोन वर्षे उलटली, तर चाळीस वर्षांची वहिवाटही या कलमाखाली कामाला येत नाही. अडथळा दिसताच नोटीस द्यावी आणि त्या मुदतीच्या आत दावा लावावा.