‘पप्पा, हा गेम नाही, ई-स्पोर्ट्स आहे’. पोराचं म्हणणं कितपत खरं, आई-बापांनी ओळखायचं कसं?

आटपाडी : रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. ताटं वाढून झालेली असतात. आई दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा बाप ओरडतो. आतल्या खोलीतून उत्तर येतं, "आलो पाच मिनिटांत, मॅच चालूय. मधनं सोडता येत नाही." पाचाची पंचवीस मिनिटं होतात, भाजी गार होते आणि भांडण पेटतं. आटपाडी, खानापूर, जत, कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या कितीतरी घरांत हा रोजचा कार्यक्रम झाला आहे.

आटपाडी तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदाराच्या घरी यंदा हे भांडण पुढच्या टप्प्यावर गेलं. पोरगं बारावी सायन्सला. त्यानं वडिलांकडं तीन गोष्टी मागितल्या : चाळीस हजारांचा फोन, घरात फायबरची लाईन आणि बारावीनंतर एक वर्ष फक्त खेळायला. वडिलांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘जुगार’. आई म्हणाली, ‘व्यसन’. पोरगं म्हणालं, ‘करिअर’. (कुटुंबाच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत.)

तिघंही एकाच फोनकडं बघत होते आणि तिघांनाही तीन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. त्या तिन्ही गोष्टी त्या फोनमध्ये असू शकतात. म्हणूनच त्या एकमेकींपासून वेगळ्या करून बघायला लागतात.

मॅच मधनं का सोडता येत नाही?

आपल्या भागात पोरं सगळ्यात जास्त खेळतात ते ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय. यात चौघांचा एक संघ असतो. स्पर्धेच्या सामन्यात असे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच नकाशावर उतरतात. खेळायची जागा हळूहळू आकसत जाते आणि शेवटी एक संघ उरतो. सामना साधारण अर्धा तास चालतो. सध्याच्या पद्धतीत पहिल्या संघाला १० गुण आणि समोरच्या एका गड्याला बाद केलं की १ गुण. असे अनेक सामने होऊन बेरीज लागते.

हा खेळ सगळ्यांचा एकाच वेळी चालू असतो, त्यामुळं तो थांबवायची सोय नाही. एकानं फोन ठेवला तर उरलेले तिघं मार खातात. कबड्डीच्या चढाईत असताना आईनं जेवायला बोलावलं तर पोरगं जसं येणार नाही, तसंच हे. त्यामुळं ‘मधनं सोडता येत नाही’ हे पोराचं म्हणणं खोटं नाही. पण दुसरा सामना सुरू करायचा की नाही, हे मात्र त्याच्या हातात असतं. जेवायची वेळ ठरलेली असेल तर अर्धा तास आधी सामना लावायचा नाही, एवढा नियम केला तरी निम्मी भांडणं मिटतात.

फोन आणि लाईनची मागणीही अगदीच हट्टाची नसते. गोळी मारल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पोरं ‘पिंग’ म्हणतात. तो ५०-६० मिलिसेकंदांच्या आत असेल तर खेळ सरळ चालतो. टॉवर लांब असला, रेंज कमी-जास्त झाली की तो दीडशे-दोनशेवर जातो आणि पोरगं समोरच्याला दिसायच्या आधीच बाद होतं. स्वस्तातला फोन तासाभरात तापतो आणि अडखळायला लागतो. रात्री गावठाणाची लाईट गेली की वायफाय बंद, सामना गेला. शहरातल्या पोराला ही अडचण कमी असते. पण म्हणून महागडा फोन घेतला की पोरगं जिंकतंच, असंही नाही. चांगल्या बैलानं शर्यत मारायची तर हाकणाराही तसाच लागतो.

जुगार कुठला आणि खेळ कुठला?

वडिलांची पहिली भीती इथंच होती. ऑनलाइन रमीत शेत विकायची पाळी आलेली माणसं गावोगाव ऐकून आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा स्वतंत्र कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात गुन्हेगार धरलेलं नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली आहे. तिथं स्पर्धेत नाव नोंदवायची फी घेता येते, जिंकणाऱ्याला बक्षीस देता येतं, पण पैज लावता येत नाही.

घरच्यांनी ओळखायची खूण सोपी आहे. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला संघाची प्रवेश फी भरतो आणि बक्षीस मिळालं तर घेतो, ते ई-स्पोर्ट्ससारखं. दर डावाला पैसे टाकायचे आणि जिंकलं तर जास्त काढायचे, हा जुगार.

पैसे जायची आणखी दोन भोकं आहेत. एक म्हणजे खेळातले कपडे आणि बंदुकांचे रंग विकत घेणं. त्यानं खेळ सुधारत नाही, नुसता दिमाख होतो. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या ग्रुपवरच्या बिननावाच्या स्पर्धा. या घरातल्या पोरानंही अशा एका ग्रुपवर वडिलांच्या फोनवरून दोनशे रुपये भरले. सामन्याच्या दिवशी ग्रुपच गायब झाला. रक्कम लहान असल्यानं त्यानं घरी सांगितलं नाही आणि बँकेचा मेसेज बघून वडिलांना वाटलं, पोरगं जुगार खेळतंय. असं फसलं तर लपवू नये. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे, तिथं लगेच तक्रार करावी.

सरकारनं मान्यता दिली, म्हणजे काय मिळालं?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडं दिला. त्याआधी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार म्हणून होता. तिथं कच्छमधल्या भुजच्या तीर्थ मेहतानं ‘हर्थस्टोन’ या खेळात कांस्य जिंकलं. प्रदर्शनीय असल्यानं ते पदकतालिकेत धरलं गेलं नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत मात्र सात ई-स्पोर्ट्स खेळांना पूर्ण पदकाचा दर्जा होता. भारताचे खेळाडू गेले, पण पदक आलं नाही.

म्हणजे पोरगं ‘हा आता खेळ आहे’ म्हणतं त्यात तथ्य आहे. पण त्यावरून सरकारी नोकरीचा हिशोब मांडू नये. राज्यात खेळाडूंना नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, ते ठरावीक खेळ आणि ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं. मोबाइलवर आलेलं प्रत्येक प्रमाणपत्र तिथं चालेल असं गृहीत धरू नये. एखाद्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कामाचं आहे का, हे सांगलीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारता येतं.

पैशाचा खरा हिशोब

बीजीएमआयच्या २०२३ च्या मोठ्या राष्ट्रीय मालिकेत एकूण बक्षीस २ कोटींचं होतं. हा आकडा पोरं घरात सांगतात. न सांगितलेला भाग असा, की ती रक्कम अनेक संघांत वाटली जाते आणि नोंदणी करणारे संघ हजारोंनी असतात. अंतिम फेरीत पोचतात १६ संघ. म्हणजे अख्ख्या देशातून ६४ पोरं आणि वर थोडे राखीव.

खालच्या पातळीवरचा हिशोब करून बघा. समजा संघाला ४० हजारांचं बक्षीस लागलं. चौघांत प्रत्येकी १० हजार. अशा बक्षिसावर ३० टक्के कर आधीच कापला जातो, राहिले ७ हजार. संघ कुणा मालकाचा असेल तर त्याचा वाटा वेगळा. आणि असं बक्षीस दर महिन्याला लागत नाही.

मोठ्या संघांत पगार असतो, पण तिथं जागा मोजक्या. बऱ्याच नावाजलेल्या खेळाडूंची कमाई बक्षिसापेक्षा यूट्यूबवर थेट खेळ दाखवण्यातून होते. म्हणजे हात चालला पाहिजे आणि तोंडही. वयाचा भाग वेगळाच. विशी-पंचविशीत हातांची चपळाई भरात असते, त्यानंतर नवी पोरं खालून येतात. पुढं समालोचन, प्रशिक्षण, व्हिडिओ एडिटिंग, स्पर्धा भरवणं अशी कामं आहेत. पण त्यालाही शिक्षण आणि बोलता येणारी भाषा लागते.

आखाडा कंपनीचा आहे

कुस्तीशी तुलना नेहमी होते. आपल्या जिल्ह्यात पोराला तालमीत घालणाऱ्या प्रत्येक बापाला माहीत असतं, की महाराष्ट्र केसरीची गदा वर्षाला एकालाच मिळते. तरी तो दूध-तूप-बदामाचा खर्च करतो. कारण तालमीत वस्ताद असतो, बाप जत्रेच्या फडात बसून पोराचा डाव डोळ्यानं बघू शकतो आणि नाही जमलं तरी अंगात कस राहतो.

फोनच्या खेळात वस्ताद नाही. संघातलं एक पोरगं नाशिकचं, एक हैदराबादचं. एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नसतं. आणि सगळ्यात मोठा फरक, कुस्तीची माती कुठल्या कंपनीची नाही. हा आखाडा कंपनीचा आहे आणि एका आदेशानं बंद होतो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या काळात ज्यांनी शाळा-कॉलेज सोडून सगळा डाव यावरच लावला होता, त्यांच्या हातात काय उरलं असेल, याचा विचार घरात बसून करायला हवा.

सराव की व्यसन?

नुसते तास मोजून हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार म्हणून नोंदवला आहे आणि त्याच्या खुणा सांगितल्या आहेत : खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं आणि नुकसान होतंय हे दिसूनही खेळत राहणं. हे साधारण वर्षभर टिकून असेल आणि अभ्यास, घर, माणसं यांवर त्याचा परिणाम होत असेल तर तो आजार.

सराव करणाऱ्या पोराची वेळ ठरलेली असते. हरलेला सामना तो परत बघतो, कुठं चुकलं ते सांगू शकतो. परीक्षेच्या आठवड्यात फोन बाजूला ठेवू शकतो. ज्याला थांबताच येत नाही, जे पोरगं रात्री तीनला जागं आणि सकाळी दहाला झोपलेलं, फोन काढून घेतला की भिंतीवर डोकं आपटतं, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याला डॉक्टरची गरज आहे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो.

एक गोष्ट घरात तपासावी. २०२३ मध्ये बीजीएमआय परत आला तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा ठेवली होती. पण पोरगं बापाच्या नावानं खेळत असेल तर फोनच्या लेखी तिथं बापच खेळतोय. त्यामुळं ओटीपी सांगायच्या आधी तो कशाचा आहे ते विचारावं.

त्या घरात काय ठरलं?

एका रविवारी वडील पोराच्या शेजारी बसून दोन सामने बघत राहिले. त्यांना निम्मं कळलं नाही. पण पोरगं बाकीच्या तिघांना कुठं थांबायचं, कधी निघायचं हे सांगत होतं आणि ते ऐकत होते, एवढं त्यांनी पाहिलं. नंतर ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ सोळाव्या वर्षी गलाईच्या दुकानात गेला. भाषा येत नव्हती, गाव माहीत नव्हतं. पण दुकान आपल्या गावच्या माणसाचं होतं. ह्याच्या धंद्यात मी कुणाला विचारू?"

ठरलं ते असं. बारावीची परीक्षा आधी. तोवर सराव रात्री नऊ ते अकरा, परीक्षेच्या आधी महिनाभर बंद. चाळीस हजारांचा फोन नाही. वीस हजारांपर्यंतचा, त्यातले निम्मे पैसे पोरानं सुट्टीत बागेत काम करून फेडायचे. निकालानंतर कॉलेजात नाव घालायचंच, वर्ष मोकळं ठेवायचं नाही. दिवाळीपर्यंत प्रत्येक स्पर्धा वहीत लिहायची : फी किती, कितवा नंबर, हातात किती आले. दिवाळीला वही उघडून पुढचं बोलायचं.

आईला हे पूर्ण पटलेलं नाही. डोळ्यांचं काय, झोपेचं काय, हे तिचे प्रश्न आहेत आणि ते चुकीचे नाहीत. पोरालाही अर्धंच मिळालं असं वाटतंय. वही मात्र सुरू झाली आहे. पहिल्या पानावर पोरानं स्वतःच्या हातानं त्या गायब झालेल्या ग्रुपचे दोनशे रुपये खर्चात धरले आहेत.