विमानाचा तास आणि प्रवाशाचा तास

श्रोतेहो, समजा, साकोलीच्या एका शेतकऱ्याला रात्री निरोप आला, "मुलगा मुंबईला इस्पितळात आहे, लवकर या." शेजारी म्हणतो, "विमानाने जा, नागपूरहून दीड तासात पोचाल." हा हिशेब कितपत खरा?

प्रथम अंतर पाहू. आपल्या भंडारा रोड स्टेशनावरून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग सुमारे १,९७० कि.मी. लांब आहे. मुंबई ते कोलकाता हवेतले अंतर मात्र सुमारे १,६५० कि.मी. रूळ वळसे घेत, शहरे जोडीत जातात. विमान बहुतेक सरळ जाते. गुरुजींनी पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून दाखवावा. सर्वांत जवळची वाट मुलांना दिसेल.

आता वेळ. जेट विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरला, तर भागाकार दोन तासांचा येतो. प्रत्यक्षात अडीच तास किंवा अधिकच लागतात. धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे, यांत वेळ जातो. शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. कोलकात्याला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. वैनगंगेत नाव घालणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको!

पण खरी मेख जोडणीत आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमान बदलत, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत. ती डाकोटा विमाने आजच्या जेटच्या निम्म्या वेगाचीही नव्हती. तरी संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दूरच्या शहरी पोचे, कारण चारही विमानांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या होत्या.

आता आपल्या शेतकऱ्याकडे वळू. साकोली ते नागपूर सुमारे १०० कि.मी.; एस.टी.ने अडीच तास धरा. विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचे. उड्डाण दीड तास. मुंबईत उतरून इस्पितळ गाठायला आणखी दीड तास. झाले साडेसात तास! त्यातले हवेतले फक्त दीड. सकाळचे विमान मिळाले तर उत्तमच. पण जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानातच असेल, तर त्याच रात्री आगगाडीने निघालेला माणूस आधी पोचेल.

म्हणून मंडळी, प्रवासाचा वेळ विमानतळापासून मोजू नका. आपल्या उंबरठ्यापासून मोजा, आणि मग वाहन निवडा.