नियमगिरीचा हक्क

ओडिशातील रायगडा व कालाहांडी या जिल्ह्यांत पसरलेला नियमगिरी हा डोंगर डोंगरिया कोंध या आदिवासी जमातीच्या श्रद्धेप्रमाणे नियमराजा या दैवताचे अधिष्ठान आहे, आणि म्हणूनच त्याच्या माथ्यावरील अरण्याला कुऱ्हाड लावणे ते निषिद्ध मानतात. त्याच माथ्यात बॉक्साइटचे विपुल साठे आहेत. बॉक्साइटचा हा सच्छिद्र थर पावसाचे पाणी शोषून घेतो आणि पावसाळा सरल्यावरही ते झऱ्यांना थोडेथोडे पुरवीत राहतो; तो खणून नेला, तर अरण्यासह पाणीही जाणार, शिवाय बॉक्साइटपासून एक किलो अॅल्युमिनियम सिद्ध करण्यास लागणारी सुमारे १४ युनिट वीज आपल्या देशात बहुतांशी कोळसा जाळूनच निर्माण होते.

१८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यघटनेच्या २५ व २६ या अनुच्छेदांचा आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन, येथे प्रस्तावित असलेल्या बॉक्साइट खाणीमुळे डोंगरिया कोंधांच्या उपासनेस बाध येतो काय, याचा विचार ग्रामसभांनीच करावा, असा हुकूम दिला. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भरलेल्या बाराही ग्रामसभांनी एकमुखाने खाणीस नकार दिला. धर्मस्वातंत्र्य म्हणजे देवळाच्या चार भिंतींतील पूजा, ही आपली रूढ समजूत येथे अपुरी ठरली, हे मला फार मोलाचे वाटते. कारण जेथे अरण्य हेच देवालय, तेथे अरण्य तोडून पूजेची मुभा देणे म्हणजे काहीच न देणे होय. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली, आणि त्या वृक्षांत व मातीत साठलेला कर्ब हवेत जाण्याचे टळले.