श्वासनळी एवढी चिडकी का?

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात एखादा असा मुलगा असेल, जो थंडीत पळाला किंवा पोट धरून हसला की त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. "फारच नाजूक बाई!" असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. पण थंड हवेत काही विष नसतं. मग त्याची श्वासनळी चिडते कशाने?

चला, जुन्या गोधडीपासून सुरुवात करू. गादी-गोधडीच्या धुळीत माइट नावाचे आठ पायांचे अगदी बारीक जीव राहतात. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासाबरोबर आत जातात. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ॲलर्जी असलेल्याच्या शरीरात मात्र या कणांविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्यं तयारच असतात. कण आत शिरला की हिस्टामिनसारखी द्रव्यं सुटतात आणि नळीभोवतीचा स्नायू काही मिनिटांत आवळतो.

खरी गंमत (गंमत कसली, कटकटच!) पुढेच आहे. काही तासांनी तिथे पांढऱ्या पेशींची फौज येते. त्यात पुढे असतात इओसिनोफिल. इओसिन नावाच्या लाल रंगाने त्या चटकन रंगतात, म्हणून १८७९ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी त्यांना हे नाव दिलं. त्यांचं एक मोठं काम म्हणजे जंतांशी लढणं. इथे जंत नाहीत, पण आलेली फौज शस्त्रं चालवणारच!

आणि शस्त्र कशाचं, तर आपल्या प्राणवायूचंच. ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की होतो सुपरऑक्साइड. त्यापासून बनतं हायड्रोजन पेरॉक्साइड. हो, जखमेवर टाकल्यावर फसफसतं तेच! असे रेणू समोर येईल त्याच्याशी रासायनिक झटापट करतात. त्यात नळीचं नाजूक अस्तर सोलवटतं, खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, स्नायूही जास्त जोराने आवळायला लागतो. खरचटलेल्या गुडघ्यावर नुसतं पाणी पडलं तरी कसं चुरचुरतं? अगदी तसंच. मग थंड हवा पुरते, धूप पुरतो, हसूसुद्धा पुरतं.

या धुमश्चक्रीची खबर श्वासातून बाहेरही येते. दमा असलेल्यांच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड जास्त असतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९३ साली दाखवलं. आता मोठ्या रुग्णालयांत एका यंत्रात फुंकर मारून तो मोजता येतो. सुई नाही, काही नाही!

बाहेरूनही भर पडते. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. तोही असाच भांडकुदळ. फटाक्यांचा धूर तर विचारूच नका.

"मग रोज संत्री खाल्ली तर?" संत्री जरूर खा, पण जीवनसत्त्वांनी दमा आटोक्यात येतो, असं प्रयोगांत दिसलेलं नाही.

आता आई-बाबांसाठी. सालब्युटामॉलचा पंप आवळलेला स्नायू सैल करतो, पण फौजेला हात लावत नाही. ते काम स्टेरॉइडच्या पंपाचं. हल्ली दोन्ही प्रकारची औषधं असलेले पंपही मिळतात. चार दिवस बरं वाटलं, पंपाची सवय लागेल म्हणून भीती वाटली, की पुष्कळ घरांत हा दुसरा पंप कपाटात जातो. शिट्टी थांबली तरी आतलं अस्तर अजून लाल असू शकतं, म्हणून तो कमी करायचा की बंद, हे डॉक्टरांनाच विचारावं. आणि पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नये, नाहीतर तोंडात बुरशी येते.