माणूस टिकत का नाही? पगाराविषयीचे काही गैरसमज

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुणा फौंड्रीवाल्याकडे चहाला बसा, चहा संपायच्या आत विषय निघतोच : माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. मोल्डिंग, फेटलिंगच्या (ओतीव माल घासून साफ करण्याच्या) अंगमेहनतीवर आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली पोरं मोठ्या संख्येनं दिसतात. माणूस सोडून का जातो, याची उत्तरं मात्र ठरलेली : ‘पैशाची हाव सुटलीय’ नाहीतर ‘हल्ली कष्ट नकोत कुणाला’. दोन्ही सोयीची, कारण दोन्हीत मालकाला काही करावं लागत नाही. कामातलं समाधान अर्थशास्त्रज्ञ गेली काही दशकं मोजत आले आहेत आणि त्यातले काही फार चांगले प्रयोग आपल्याच देशात झाले आहेत.

गैरसमज : पगार वाढवला की नुसता खर्च वाढतो.
1913 साली हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात सुमारे 14 हजार माणसं कामावर ठेवण्यासाठी वर्षभरात 52 हजारांहून जास्त भरती करावी लागली. जानेवारी 1914मध्ये त्यानं रोजची कमाई जवळपास दुप्पट, म्हणजे 5 डॉलर केली आणि पाळी 8 तासांवर आणली. गळती झपाट्यानं थांबली. फोर्ड काही संत नव्हता, त्यानं हिशेब केला होता. आपल्याकडे नव्या माणसाचा हात बसेपर्यंत जी कास्टिंग रिजेक्ट होतात, ती पगाराच्या रजिस्टरमध्ये कुठंच दिसत नाहीत, म्हणून पगार तेवढा महाग वाटतो.

गैरसमज : माणूस फक्त स्वतःच्या पगाराकडे बघतो.
सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात महिनाभराचा प्रयोग केला. तो 2018मध्ये प्रसिद्ध झाला. काही गटांत सगळ्यांना सारखा रोज, काही गटांत कमी-जास्त. ज्यांना शेजाऱ्यापेक्षा कमी मिळत होतं, त्यांचं काम घटलं आणि हजेरी तब्बल 18 टक्के-अंकांनी घसरली. तेवढाच रोज घेणारे, पण सारख्या पगाराच्या गटातले लोक मात्र नीट कामावर येत होते. खाडा केला की त्या दिवसाचा रोज बुडतो, तरी माणसं घरी बसली!

पण गोष्ट इथं संपत नाही. शेजारी आपल्यापेक्षा जास्त माल काढतो हे जिथं डोळ्यांना दिसत होतं, तिथं पगारातल्या फरकानं काहीच बिघडलं नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर मजुरी मीटरवर ठरते. ज्यानं जास्त कापड काढलं त्याला जास्त, याबद्दल कामगारांत कुरकुर नसते. भांडण होतं ते दरावर. फौंड्रीत एकाच लाइनवर कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार तेच काम करतात, पगार मात्र वेगळा. त्याचं दिसणारं कारण काय सांगणार? ‘पगार गुप्त ठेवा’ हा सल्ला इथं कुचकामी आहे. एका खोलीत राहणाऱ्या पोरांना एकमेकांचा पगार पैशासकट माहीत असतो.

गैरसमज : ठरावीक रकमेपुढे पैशानं सुख वाढत नाही.
वर्षाला 75 हजार डॉलरच्या पुढे सुख वाढत नाही, हे वाक्य डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांच्या 2010च्या अभ्यासातून आलं. 2023मध्ये खुद्द काहनेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्याबरोबर आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचं सुख त्यापुढेही उत्पन्नाबरोबर वाढतच होतं. आणि फेटलिंगवाल्याला हे वाक्य ऐकवणं तसंही चेष्टाच.

गैरसमज : पगार पंधरा दिवस उशिरा झाला तरी रक्कम तीच ना?
कोल्हापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावं, नाहीतर 15 टक्के व्याज, असं 1966चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो आणि त्यासाठी इथं रस्ते अडवले जातात. पण उसाच्या बिलावर पेटून उठणारा माणूसच मालक झाला, की पगाराची तारीख सरकवताना त्याला काही वाटत नाही. ओडिशातच पानांच्या पत्रावळी करणाऱ्या कामगारांवर प्रयोग झाला. काहींना कमावलेल्या मजुरीतला मोठा भाग थोडा आधी दिला. एक रुपयाही वाढवून दिला नाही. त्यांचं उत्पादन सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं आणि चुकाही कमी झाल्या. डोक्यावर देणं असलं की लक्ष कामात राहत नाही.

गैरसमज : कामगार कल्याण म्हणजे सहल आणि स्नेहसंमेलन.
उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहून बघा. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांच्या 2021च्या अभ्यासात तापमान 1 अंशानं वाढलं की भारतीय कारखान्यांचं वार्षिक उत्पादन सुमारे 2 टक्क्यांनी घटतं, असं दिसलं. उष्ण दिवशी काम मंदावतं, खाडेही वाढतात. आधी पंखे, वारा, गार पाणी, मग महाबळेश्वर. आणि एक जवळजवळ फुकटचा उपाय : विचारणं. तयार कपड्यांच्या भारतीय कारखान्यांत अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ झाली, तेव्हा काही कामगारांना नाव न विचारता त्यांचं मत विचारलं गेलं. त्यांच्यात नोकरी सोडणं आणि खाडे दोन्ही कमी झाले. जे जास्त नाराज होते, त्यांच्यात तर ही घट जास्तच होती.

गैरसमज : दिवाळीचा बोनस ही मालकाची मेहेरबानी.
नाही. 1965च्या कायद्यानं किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के बोनस ठरवला. 2019च्या वेतन संहितेतही तेच दर कायम आहेत. वर्षाच्या पगाराचे 8.33 टक्के म्हणजे बारावा हिस्सा, साधारण एक महिना. कायद्याच्या हिशेबात धरलेल्या पगारावर तो मोजतात, तोट्याच्या वर्षीही द्यावा लागतो, आणि मिठाईचा बॉक्स त्यात धरत नाहीत.